शनिवारी तिकडे का जाता?

पत्र

ताई, माझं वय ४१. एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. आमच्या सोसायटीच्या मागे मोठं बांधकाम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी एक संस्था साइटवरच वर्ग चालवते. दर शनिवारी सकाळी मी तिथे वाचन घ्यायला जाते. दुसरं वर्ष चालू आहे.

संस्थेने वार्षिक अहवालासाठी आम्हा स्वयंसेवकांकडून एकेक परिच्छेद मागवलाय: ‘मी हे काम का करते?’ ‘समाजाचं देणं लागतो’ असं लिहिलं आणि खोडलं. खरं कारण मलाच माहीत नाही. दिवाळीत नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, ‘स्वतःच्या पोराला क्लासला घातलंय आणि लोकांच्या पोरांना फुकट शिकवायला हिला वेळ आहे.’ ऑफिसातला एक जण म्हणतो, हे सरकारचं काम आहे, तुम्ही फुकटात करता म्हणून सरकारचं फावतं. आणि तू जातेस ते स्वतःला बरं वाटावं म्हणून. यातलं काहीच मला धड खोडता येत नाही.

त्यात गेल्या महिन्यात एक मुलगी गेली. नऊ वर्षांची असेल. आली तेव्हा बाराखडी घडाघडा म्हणायची, पण शब्द दाखवला की गप्प. ‘क काना का, क काना का’ म्हणायची आणि तिथेच थांबायची, ‘काका’ काही तोंडातून निघायचं नाही. एक दिवस ते निघालं आणि तिचं तिलाच हसू आलं. पावसाळा संपेपर्यंत ती गेटवरची पाटी वाचायला लागली होती. ‘परवानगीशिवाय आत प्रवेश नाही.’ परवानगी बरोबर वाचायची आणि पुढे ‘परवेश’ म्हणायची. आता जोडाक्षरं येतीलच असं वाटत होतं, आणि एका शनिवारी गेले तर खोली रिकामी. स्लॅबचं काम संपलं, मुकादम सगळ्यांना घेऊन दुसऱ्या साइटवर गेला. कुठे, ते कुणाला सांगता येईना. मग हे सगळं कशासाठी? थांबावं का?

ता. क. मुलाला सोबत नेऊ का? आपल्याकडे काय आहे याची त्याला किंमत कळेल, असं नवऱ्याचं म्हणणं.

– शनिवारची ताई, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

जागेअभावी तुमचं पत्र मी निम्म्याहून कमी केलंय. काय कापलं ते सांगते. ‘मी हे का करते’ यावर मूळ पत्रात जेमतेम चार ओळी होत्या आणि चारही ओळींच्या शेवटी प्रश्नचिन्ह. नणंदेवर एक परिच्छेद. आणि त्या मुलीचा ‘काका’पासून ‘परवेश’पर्यंतचा प्रवास भरगच्च दोन पानं. ‘प्र’ आधी घ्यावा की ‘चक्र’मधला ‘क्र’, ‘र’ अर्धा होऊन डोक्यावर चढतो तेव्हा मुलांना तो दिसतच नाही, ‘ट्र’ची टोपी उलटी का, हे सगळं तुम्ही इतक्या तपशिलाने लिहिलंय की मी हातातला चहा बाजूला ठेवून वाचलं. ‘र’ इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडला जातो हे मोठं माणूस कधी लक्षातच घेत नाही. तुम्ही घेतलंत.

तेव्हा कारण शोधायला बाहेर जाऊ नका. मूल वाचायला कसं लागतं याची तुम्हाला गोडी लागली आहे, म्हणून तुम्ही जाता. ‘प्र’ अजून सुटलेला नाही, म्हणून तुम्हाला पुढचा शनिवार हवा असतो.

हे कारण तुम्हाला किरकोळ वाटेल, याची मला कल्पना आहे. परिच्छेद मागवणाऱ्यांनाही कदाचित वाटेल. अशा अहवालांत कारणं भव्य असतात. समाजाचं देणं असतं, उद्याचे नागरिक असतात, आणि खारीचा वाटा तर असतोच. संस्थांच्या अहवालांत खारी इतक्या झाल्या आहेत की सेतू केव्हाच बांधून व्हायला हवा होता. खोटं कुणी लिहीत नाही, पण त्या वाक्यांवरून लिहिणाऱ्याने मुलांबरोबर कधी सतरंजीवर बसून पाहिलंय की नाही, हे कळत नाही. तुम्ही ‘परवेश’चा किस्सा लिहून द्या. दहा ओळी पुरे. मुलीचं नाव आणि साइटचं नाव मात्र घालू नका.

आता थोडं गोडीबद्दल, कारण माझ्या मते सगळं त्यावरच आहे. दयेने सुरुवात करणारे बरेच येतात. त्यात वाईट काही नाही, पत्र्याची खोली आणि अनवाणी पोर पाहून पोटात तुटत नसेल तर माणूस कसला? पण दयेला समोरचा कायम केविलवाणा लागतो. मुलं काही तशी राहत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ती तुमच्या फोनची किंमत विचारतात, खडू खिशात घालतात, धाकट्याला चिमटा काढून ‘मी नाही’ म्हणतात, आणि मागच्या ताई तुमच्यापेक्षा छान गोष्ट सांगायच्या हे तोंडावर सांगतात. दया तिथे रुसते. तिला कृतज्ञता हवी असते आणि नऊ वर्षांच्या पोराकडे ती नसते, तुमच्या पाचवीतल्या मुलाकडेही नाही. त्यामुळे जून-जुलैत जोमात आलेले लोक दिवाळीनंतर दिसेनासे होतात. उरतात ते बहुतेक तुमच्यासारखे, ज्यांना त्या कामातलं काहीतरी बारीकसं कोडं डसलेलं असतं.

आपल्याकडे या कामाची जी मोठी नावं आहेत, त्यांच्यातही मला हेच दिसतं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसोरी पद्धतीवर, म्हणजे लहान मुलांनी साधनं हाताळत शिकायच्या पद्धतीवर, काम करून झालं होतं, नाव झालं होतं. त्यांच्यासोबत अनुताई वाघ गेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. १९५७मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आपण त्यांची चरित्रं त्यागाच्या सुरात सांगतो. मला त्यांचा हट्ट जास्त भावतो. वारली मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुलं दिवसभर करतात काय ते पाहिलं. कुणी धाकटं भावंड सांभाळत होतं, कुणी गुरं राखत होतं. मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरली, आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर खडे, बिया, पानं घेऊन तेच काम केलं. १९७५मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोचली. गरीब मुलांची कणव त्या काळात पुष्कळांना होती. ‘मग शाळाच गुरांमागे नेली तर?’ हे मात्र ज्याला त्या प्रश्नाचा नाद लागलाय त्यालाच सुचतं.

तुम्ही ज्या साइटवर जाता, त्या प्रकारचे वर्गही असेच कुणाला तरी सुचलेले आहेत. रजनी परांजपे समाजकार्य शिकवायच्या. त्यांनी आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८मध्ये मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू केलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या दारापर्यंत जायचं, हे सूत्र. पुण्यात हे काम बांधकामाच्या साइटवर पोचलं, कारण या शहरात शाळेबाहेरची मुलं मोठ्या संख्येने तिथेच होती. तुमच्या संस्थेचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही.

आता तुमच्या ऑफिसातल्या माणसाकडे वळते. त्याचं पहिलं म्हणणं बिनबुडाचं नाही. शिक्षण हे सरकारचंच काम आहे आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण द्यायचं, तेही त्याच्या वयाला साजेशा वर्गात घेऊन. मागे पडलेलं असेल तर वेगळं प्रशिक्षण देऊन त्याला सोबत आणायचं. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणाने प्रवेश अडवताही येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावर सगळं चोख आहे.

पण साइटवरच्या बाईला यातलं काही ठाऊक नसतं. ती शाळेच्या ऑफिसात जाते, क्लार्क ‘दाखला आणा’ म्हणतो, ती परत येते. दाखला राहिला गुलबर्ग्याकडे नाही तर नांदेडच्या तालुक्यात. तिचा एक दिवसाचा खाडा झाला, पुन्हा कोण जाणार? इथे तुमच्यासारखं माणूस लागतं. इस्त्री केलेल्या ड्रेसमधली, बँकेच्या भाषेत बोलणारी बाई सोबत असली की तोच क्लार्क खुर्ची देतो. हे वाईट आहे, पण आहे. तुमच्या वर्गातली किती मुलं जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर आहेत, हे या शनिवारी संस्थेला विचारा. चांगली संस्था आकडा लगेच सांगेल आणि मुलांना ने-आण कशी करतात तेही सांगेल, कारण बहुतेक वेळा मधे हायवे असतो आणि खरी अडचण तीच असते. ‘आम्ही प्रवेशाच्या भानगडीत पडत नाही’ असं उत्तर आलं, तर मात्र तुमच्या सहकाऱ्याचा मुद्दा जड होतो. वर्ग शाळेची जागा घेऊन बसला तर खरोखरच सरकारचं फावतं.

४ जुलै २०१५ला महाराष्ट्रभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसात सर्वेक्षण झालं होतं. तोही शनिवारच होता. मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. आकडा आला तो इतका कमी की या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांनी कपाळाला हात लावला. साइटवरची, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली मुलं एका दिवसात कशी सापडतील? ती कुठे असतात ते त्यांच्याकडे दर आठवड्याला जाणाऱ्यालाच माहीत. तुम्ही तिथे आहात म्हणून सरकार सुटलं, असं मला वाटत नाही. तुम्ही तिथे नसता तर ती मुलं आहेत हेच कुणी सांगितलं नसतं.

त्याचं दुसरं म्हणणं, की तुम्ही स्वतःला बरं वाटावं म्हणून जाता. बरं, मग? शनिवारी सिंहगड चढणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. भिशीला जाणाऱ्यांना तर नाहीच. काम मुलांचं व्हावं आणि करणाऱ्याचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं असावं, ही अपेक्षा कुठून आली कोण जाणे. तुम्हाला बरं वाटतं हे मुलांना कळतं आणि आवडतंही. आनंदाने शिकवणारी बाई आणि उपकार म्हणून शिकवणारी बाई यांतला फरक पोरं पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात.

फक्त एक बघा: तुमच्या बरं वाटण्याची किंमत मुलांना मोजावी लागत नाही ना. न सांगता दांडी मारली, तर मोजावी लागते. ‘पुढच्या वेळी रंग आणीन’ म्हणून विसरलात, तर मोजावी लागते. मुलांबरोबर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर नक्कीच. डिसेंबरात कंपन्यांची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून येतात, बिस्किटं वाटतात, पोरांना ओळीत उभं करून फोटो काढतात आणि दोन तासांत बसमध्ये बसतात. त्या दिवशी वाचन होत नाही आणि पुढच्या शनिवारी मुलं तुम्हाला विचारतात, ‘आज काय वाटणार?’ याचा राग तुम्हाला पत्रात लिहायला संकोच वाटला, मला वाटत नाही. ज्यांना खरंच काही द्यायचं असेल त्यांनी संस्थेला विचारून पैसे द्यावेत.

हो, आणि तुम्ही अकाउंट्समध्ये आहात हे संस्थेला अजून कळलं नसेल तर बरं. कळलं की मार्चमध्ये तुम्हाला व्हाउचरं जुळवायला बसवतील. ते काम मोलाचं आहे, करायचं तर जरूर करा, पण शनिवारच्या वाचनाच्या बदल्यात नको.

आता ती मुलगी. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटाकडे ठेवलं.

तुमच्या शिकवण्याने काही होतं का, यावर माझ्या मनात शंका नाही. मुंबईत १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना बाजूला घेऊन वाचन आणि गणित घ्यायच्या. बी.एड. वगैरे काही नाही. पुढे मुंबई आणि बडोद्यात अर्थशास्त्रज्ञांनी याची रीतसर चाचणी घेतली. त्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं. या मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही गावातल्या तरुणांनी थोड्याशा प्रशिक्षणावर वाचनवर्ग घेतले, आणि जी मुलं तिथे आली ती पुढे सरकली. अडचण होती ती मुलांपैकी फारच थोडी वर्गाला आली, ही. शिकवणारा फार शिकलेला नसला तरी चालतं, नेमाने यावा लागतो, आणि मूल इयत्तेनुसार नव्हे तर त्याला काय येतं त्यानुसार बसवावं लागतं. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेद वाचणारे तिसरीकडे. तुम्ही हे करताच आहात, नाव न देता.

पण या बळावर ‘ती मुलगी आता शिकतच राहील’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. जोडाक्षरांच्या तोंडाशी आलेलं मूल काही महिने पुस्तकाशिवाय राहिलं तर मागे सरकतं. ‘काका’ बहुधा राहील. ‘प्रवेश’चं सांगता येत नाही. पुढच्या साइटवर वर्ग असेल तर ती आठवड्याभरात सावरेल, नसेल तर ती भाऊ सांभाळत बसेल. तुम्हाला वाईट वाटतंय ते बरोबरच वाटतंय आणि त्यावर माझ्याकडे फुंकर नाही. तिच्यासाठी आता एवढंच करता येईल: संस्थेच्या इतर साइटवरच्या ताईंना तिचं नाव आणि गाव कळवून ठेवा. ही कुटुंबं एकाच मुकादमाबरोबर त्याच त्या बिल्डरांच्या साइटवर फिरतात. मुलं पुन्हा सापडल्याची उदाहरणं आहेत.

पुढच्यांसाठी मात्र बरंच करता येतं, आणि ते स्लॅब चालू असतानाच करायचं असतं. स्लॅबची टोळी वेगळी, प्लास्टरची वेगळी, फरशीची वेगळी. कुणाचं काम कधी संपणार हे साइट इंजिनिअरला महिनाभर आधी माहीत असतं. त्याला विचारून ठेवा, तो सांगतो. मुकादमाचा नंबर घ्या. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा: नाव, गाव, कुठल्या शाळेच्या पटावर आहे, काय वाचता येतं (‘साधे शब्द येतात, जोडाक्षरं चालू’ एवढंही पुरे) आणि खाली संस्थेचा फोन. ते आईच्या हातात द्या, बापाच्या नको. आधार कार्डं आणि रेशनचे कागद ज्या पिशवीत असतात ती पिशवी आईकडे असते. मूल शाळेच्या पटावर असेल तर हेडमास्तरांकडून शिक्षण हमी कार्ड मागा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात ती सोय आहे, फक्त मागणारं कुणी नसतं. आणि आई-वडिलांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का ते पाहा. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठी मंडळाकडून साहाय्य मिळतं, आणि ते मुलाच्या शाळेतल्या हजेरीशी जोडलेलं आहे. आईला मुलीला शाळेत धाडायला एवढं निमित्त पुष्कळ झालं. या कागदपत्रांत तुमची अकाउंट्सची सवय कामाला येईल, तिथे ती खुशाल वापरा.

निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात एक पुस्तक द्या. पातळ, मोठ्या टायपाचं, त्याने वर्गात आधी वाचलेलं. नवं नको. वाचता येतंय असं वाटलं तर ते उघडलं जातं.

थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. ज्या दिवशी जायचं म्हणून जाल आणि ‘प्र’चं काही पडलेलं नसेल, त्या दिवशी थांबा. महिनाभर आधी संस्थेला सांगा, मुलांनाही सांगा, दुसऱ्या कुणाला तुमच्या मुलांची ओळख करून द्या आणि मग थांबा. दर शनिवार जड होत असेल तर एक आड एक करा, पण ठरलेला शनिवार चुकवू नका. तुमच्या पत्रावरून तरी ती वेळ आलेली दिसत नाही.

नणंदेला उत्तर द्यायला जाऊ नका. तिला उत्तर नकोच आहे, दिवाळीच्या फराळाबरोबर काहीतरी बोलायला हवं होतं. स्वतःचं मूल शिकवणं आणि दुसऱ्याचं शिकवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने आपल्या पोराला आठचा पाढा शिकवलाय त्या प्रत्येक आईला माहीत आहे. शिकवता शिकवता आवाज कुठल्या पट्टीला जातो, तेही माहीत आहे. पण तिच्या बोलण्यातला एक खडा बाजूला काढून बघा. मुलाला विचारा, शनिवारी सकाळी मी नसते ते तुला कसं वाटतं? तो ‘मस्त, टीव्ही बघतो’ म्हणाला तर विषय संपला. त्याने खांदे उडवले आणि काहीच बोलला नाही, तर त्या दिवसातला दुसरा एखादा वेळ फक्त त्याचा ठेवा, अभ्यासाशिवायचा.

तुमच्या ता. क.चं राहिलं. ‘आपल्याकडे काय आहे याची किंमत कळावी’ म्हणून मुलाला नेऊ नका. दुसऱ्याची पोरं ही आपल्या पोराचा धडा नव्हेत. ती पोरंही हुशार असतात, आपल्याला कुणी का बघायला आलंय ते त्यांना उमगतं. त्याला स्वतःला यायचं असेल, आणि त्याला लगोरी नाहीतर विटीदांडू नीट खेळता येत असेल, तर वर्ग सुटल्यावर तासभर येऊ दे. बहुतेक हरेल, कारण साइटवरच्या पोरांचा नेम भारी असतो. मात्र आधी संस्थेला विचारा. काही संस्था स्वयंसेवकांच्या मुलांना साइटवर येऊ देत नाहीत. लोखंडी सळया, उघडे डक्ट, क्रेन असं सगळं आजूबाजूला असतं, त्यामुळे त्यांचं चुकत नाही. नाही म्हणाले तर हट्ट धरू नका आणि त्याला घरीच ठेवा.